पेटीतली जर्मन टोपी



आमच्या घरातल्या जर्मन टोपीविषयी चार शब्द सांगावेत, असे मंडळाने सुचवले. माझे आजेसासरे मराठा पलटणीतून इटलीच्या लढाईत होते. त्यांच्या लोखंडी पेटीत ही टोपी निघाली. पोलिसांच्या साहेबांची असते तशी, पुढे काळा छज्जा असलेली. "पणजोबांनी जर्मन अधिकाऱ्याला लोळवून आणली," असे घरातली मुले सगळ्यांना सांगतात. स्वतः आजेसासरे असे बोलल्याचे सासूबाईंना मात्र आठवत नाही. यंदा धाकट्या पुतण्याने ती वेषभूषेच्या स्पर्धेत घालायचा हट्ट धरला. म्हटले, आधी ही कोणाची ते तरी पाहू.

कापड पारखायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. टोपीचा वरचा भाग करडा-हिरवट, खालचा पट्टा गर्द हिरवा. हा जर्मन भूदलाचा रंग. विमानदलाची टोपी निळसर करडी, आरमाराची गर्द निळी. कडांना तीन ठिकाणी गोट आहे आणि खरी ओळख त्या गोटात. पांढरा असला तर पायदळ, लाल तर तोफखाना, गुलाबी तर रणगाडे, पिवळा तर घोडदळ. आमचा गोट पिवळट दिसत होता. शिवणीच्या आत डोकावले तेव्हा तो स्वच्छ पांढरा निघाला. वरचा सारा मळच!

समोर गरुड, त्याखाली ओक झाडाच्या पानांच्या वेढ्यात काळे-पांढरे-लाल गोल फूल. हिटलरच्या एस.एस. दलाची असती तर तिथे कवटी असती. पहिल्या महायुद्धातली असती तर गरुड नसता, दोन फुले असती: वरचे साऱ्या जर्मनीचे, खालचे त्या त्या राज्याचे.

नकली टोप्याही पुष्कळ निघतात. वाण्याकडे नोटा तपासायचा निळा दिवा आहे, त्याखाली धरली. नव्या काळातला दोरा बहुधा लख्ख चमकतो. हा चमकला नाही. पण आताच्या पावडरीने धुतलेले जुने कापडही चमकते, म्हणून टोपी कोणी धुतली नव्हती ना, हे सासूबाईंना आधी विचारून घेतले होते.

आता छज्जावरचा पट्टा. अधिकाऱ्यांना रुपेरी पिळाची दोरी असे, सेनापतींना सोनेरी. आमच्या टोपीला काळा चामडी पट्टा आहे. म्हणजे शिपायाची नाहीतर हवालदाराची. शिवाय ही टोपी बाहेर फिरायला घालायची. मोर्चावरच्या शिपायाच्या डोक्यावर लोखंडी टोप. तेव्हा ती कोणाच्या डोक्यावरून ओढलेली नसून सामानात सापडलेली असावी, असे मला वाटते. इटलीतल्या जर्मन फौजांनी २ मे १९४५ रोजी शस्त्रे खाली ठेवली.

गरुडाच्या पायांत स्वस्तिक आहे. ते पाहून शेजारच्या आजी म्हणाल्या, "शुभच की, देवघरात ठेव." त्यांना सांगितले, आजी, हे आपले उंबऱ्यावरचे नव्हे. या चिन्हाखाली सुमारे साठ लाख यहुदी मारले गेले, त्यात तान्ही बाळेही होती. पोराच्या डोक्यावर मी ती चढू दिली नाही. दोन दिवस तो रुसला, मग वासुदेव झाला.

टोपी पुन्हा पेटीत गेली. सोबत चिठ्ठी ठेवली आहे: "जर्मन भूदल, पायदळ. शिपाई किंवा हवालदार. इटलीतून आणलेली." थोरला पुतण्या अजून म्हणतो, 'अधिकारी' लिही. मी लिहिलेले नाही.