लिहिणे वेगळे, किंमत एकच



शाळेच्या निकालाची फाईल तुम्ही पेनड्राइव्हवर घालून तालुक्याला धाडलीत. वाटेत ती बिघडली नाही ना, हे ओळखायचे कसे? त्यासाठी संगणक फाईलमधल्या मजकुरावरून पडताळणीचा एक आकडा काढतो. त्याला हॅश म्हणतात. दोन्हीकडचे आकडे जुळले, की फाईल शाबूत समजायची.

आता गंमत पाहा. सीआरसी-३२ ही अशीच एक साधी पद्धत. तिने '१२३४५६७८९' या इंग्रजी अंकांतल्या मजकुराचा आकडा काढला, तर एक प्रोग्रॅम सांगतो ३४२१७८०२६२. दुसरा सांगतो 'सीबीएफ४३९२६'. आणि पायथॉन या संगणकभाषेच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीत उत्तर येई उणे ८७३१८७०३४!

मग फाईल बिघडली का? छे! १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. दोन रुपये आठ आणे म्हणा, नाही तर चाळीस आणे म्हणा. रक्कम तीच ना? संगणकाची सोळाच्या पटीची मांडणी अशीच. तिच्यात '२८' लिहिले की ते आपले चाळीस. दहा ते पंधरा यांच्यासाठी ए ते एफ ही अक्षरे. उणे आकड्यात दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४२९४९६७२९६ मिळवा; तोच पहिला आकडा हाती येतो.

पायथॉन मात्र मजकूर आणि संख्या यांना कधीच सारखे मानत नाही. तक्रार न करता 'जुळत नाही' एवढेच सांगतो. मजकुराशी मजकूर ताडला, तरी लहान-मोठी लिपी किंवा पुढचे गळालेले शून्य घोटाळा करते. म्हणून 'इंट' या आज्ञेला तो मजकूर आणि पाया सोळा द्यावा, दोन्हींच्या संख्या कराव्यात, उणे असेल तर वरची भर घालावी आणि मगच ताडून पाहावे.

एक सावधगिरी. सीआरसी अपघाती बिघाड दाखवते. लबाडी रोखत नाही. तिच्यासाठी चौसष्ट अंकाक्षरांची एसएचए-२५६ वापरावी आणि मूळ आकडा वेगळ्या, खात्रीच्या वाटेने मागवावा.

आकडा जुळेना म्हणून चांगली फाईल टाकू नका. आणि 'हे रोजचेच' म्हणून पडताळणीही सोडू नका. एखाद्या दिवशी खरोखरच कुणा पोराचे गुण बदललेले असायचे!