मोटार फटाके फोडते तेव्हा

श्रोतेहो, विहिरीवरचा पंप एकाएकी पाणी सोडू लागला, तर जाणता शेतकरी पाने घेऊन पंप खोलायला बसत नाही. तो आधी सक्शनचा पाइप चाचपतो, कारण भेग तिथे असली तर पाणी बाहेर सांडत नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि पंपाचे पाणी तुटते. हीच भेग डिलिव्हरीच्या पाइपाला असती, तर पाण्याची चिळकांडी उडाली असती. भेग एकच, पण खेच असेल तिथे ती आत घेते आणि दाब असेल तिथे बाहेर टाकते. आजच्या भाषणात एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाकीचे तिच्यावरच उभे आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त न्यूझीलंडमध्ये असतो. जपानातून आलेल्या जुन्या मोटारी तिथे पुष्कळ विकत मिळतात. त्याने तशीच एक सुबारू इंप्रेझा डब्ल्यूआरएक्स घेतली. ही गाडी शर्यतीच्या घराण्यातली. १९९५, १९९६ आणि १९९७ अशी तीन वर्षे ओळीने या कंपनीने जागतिक रॅलीतले उत्पादकांचे अजिंक्यपद मिळवले, ते याच जातीच्या गाडीवर. दोन लिटरचे इंजिन, चार सिलिंडर, तेही उभे नाहीत, तर दोन इकडे आणि दोन तिकडे असे आडवे निजलेले. आणि जोडीला टर्बो.

टर्बो म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. सायलेन्सरकडे जाणारा जळका वायू वाया न घालवता त्यावर एक लहानसे चक्र फिरवायचे. त्याच दांड्यावर दुसरे चक्र असते. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. हे चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. बाजारात विकायच्या मोटारीत ती आली १९६२ साली, अमेरिकेत. आज आपल्याकडच्या लहान पेट्रोल गाड्यांत आणि कित्येक ट्रॅक्टरांतही टर्बो असतो. तेव्हा हे दुखणे परक्याचे आहे, असे समजू नका.

एका रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी उभी असली की थरथरते. सिग्नलला बंद पडते. आणि गिअर बदलताना मागून फाट्कन आवाज होतो, परवा तर जाळ दिसला म्हणे."

"कधीपासून?"

"दोन-तीन महिने झाले. प्लग बदलले, चारी कॉइल बदलल्या, हवा मोजणारा सेन्सरही नवा घातला. आता गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. त्याचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त सांगतो. मोडीत द्यावी म्हणतो."

पोराच्या आवाजात रडकुंडी होती. त्याचे कामाचे ठिकाण लांब, गाडीवाचून जाणे अवघड आणि शिल्लक संपत आलेली. मी म्हटले, "हे सगळं तू दुखणं लागल्यावर केलंस. लागायच्या आधी गाडीला काय केलं होतंस?"

"काही नाही, मामा."

"आठवून बघ."

थोडा वेळ पलीकडे शांतता. मग म्हणाला, "एक आवाजाचा व्हॉल्व्ह बसवला होता. पण ती काही दुरुस्ती नव्हे, हौस."

श्रोतेहो, रोग्याला कळत नाही की आपण सांगायला विसरतो, त्यातच रोगाचे मूळ असू शकते. शिक्षक मंडळींना हा अनुभव वर्गात रोजचाच आहे.

आता हा व्हॉल्व्ह काय करतो ते पाहू. गिअर बदलताना आपण पाय उचलतो, तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी असलेले थ्रॉटलचे दार मिटते. टर्बो मात्र फिरतच असतो. दाबलेली हवा मध्येच कोंडते. तिला वाट करून देण्यासाठी हा व्हॉल्व्ह. कारखान्याने बसवलेला मूळ व्हॉल्व्ह ही हवा टर्बोच्या मागच्या नळीत परत सोडतो. भाच्याने बसवलेला ती बाहेर सोडत होता. त्यातून 'फुस्स' असा आवाज येतो आणि तरुणांना तो आवडतो.

या गाडीत आत येणारी हवा तोंडाशीच मोजली जाते आणि त्या मापावर गाडीतला लहान संगणक पेट्रोल देतो. साधारण हिशेब असा, की वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. मोजलेली हवा वाटेतच बाहेर गेली, तर संगणकाला ते कळत नाही. तो तिच्या वाट्याचे पेट्रोल देऊन मोकळा होतो. मिश्रण गडद होते, सिलिंडरात नीट पेटत नाही. न जळलेले पेट्रोल तापल्या सायलेन्सरमध्ये जाते, तिथे त्याला हवा मिळते आणि ते तिथेच भडकते. मागून येणारा फटाका तो हा.

मग गाडी उभी असताना थरथर का? तेव्हा थ्रॉटलचे दार जवळजवळ बंद असते आणि इंजिनाच्या पोटात जोराची खेच असते. तिथला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. या खेचीची एक बारीक नळी व्हॉल्व्हला जोडलेली असते. नव्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ होती, म्हणून उभ्या गाडीत तो उघडाच राहत होता. त्यातून न मोजलेली हवा आत शिरे. मिश्रण पातळ होई, आणि गाडी मिसिंग मारी. वेगात मिश्रण गडद आणि उभ्याने पातळ, अशा दोन उलट्या तक्रारी, पण भोक एकच. पंपाची गोष्ट आठवा.

पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. भाच्याकडे फोनला जोडायचे वाचनयंत्र होते. मी त्याला आकडे पाहायला सांगितले. गाडी उभी असताना संगणक शेकडा वीसच्या आसपास जादा पेट्रोल घालत होता. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर स्थिर धरले, की हा जादा भाग जवळजवळ नाहीसा होई. इंजिन थोडी हवा घेते तेव्हा चोरवाटेची हवा जाणवते. पुष्कळ घेते तेव्हा ती त्यात बुडून जाते. चोरवाट असल्याची ही चांगली खूण आहे. "जुना व्हॉल्व्ह आहे का रे?" "खोक्यात आहे, पलंगाखाली." तोच परत, नवे गॅस्केट घालून बसवायला सांगितले. दुसरे काही बदलायचे नाही, अशी ताकीद दिली. रविवारी फोन आला. गाडी सिग्नलला मांजरासारखी गुरगुरत उभी होती.

आता आपल्या उपयोगाचे. पेट्रोलची गाडी मिसिंग मारू लागली, तर या क्रमाने चला. आधी विचारा : कधी सुरू झाले, त्याआधी काय बदलले. मग ऐका : फटाका पुढून, हवेच्या नळीकडून आला, तर मिश्रण पातळ आहे का आणि ठिणगीची किंवा झडपांची वेळ चुकली आहे का, ते पाहा. मागून आला, तर न जळलेल्या पेट्रोलचा संशय घ्या. मग हवेच्या रबरी नळ्या आणि त्यांच्या क्लिपा तपासा. साबणाच्या पाण्याचा फेस फुगला, तर दाबाखालची गळती सापडते. त्यासाठी तापल्या इंजिनावर पेट्रोल मात्र कधीही शिंपडू नका. मग प्लग काढून रंग पाहा. काजळी असेल तर गडद, पांढुरका असेल तर पातळ. टर्बोच्या इंजिनात दाबलेल्या हवेतून ठिणगी उडायला जास्त जोर लागतो, म्हणून प्लगमधील फट कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. कॉइलचा संशय असेल तर नवी विकत घेण्यापूर्वी दोन सिलिंडरांच्या कॉइल आपसात बदला. दुखणे कॉइलबरोबर गेले, तर दोषी ती. आणि इंजिन खोलण्यापूर्वी चारी सिलिंडरांचा कॉम्प्रेशनचा दाब मोजून घ्या. एकच सिलिंडर फार कमी दाखवत असेल, तर मिस्त्रीचे म्हणणे खरे.

एक इशारा. इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते आणि तो लाल होईपर्यंत तापतो. त्यात प्लॅटिनमसारखे महाग धातू असतात, ते तर वाया जातीलच. पण उन्हाळ्यात अशी गाडी वाळल्या गवतावर उभी केलीत, तर गवत पेटेल आणि शेजारची गंजीही जाईल.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक गोष्ट. डिझेलमध्ये प्लगची ठिणगी नसते, पण टर्बोपासून इंजिनाकडे जाणारी नळी सुटली, तर ओढीवर ट्रॅक्टर काळा धूर टाकतो आणि जोर मरतो. पंपाचे इंजेक्टर काढण्यापूर्वी ती नळी पाहा.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. नारळपाण्याची नळी घ्या, मध्यावर सुईने भोक पाडा आणि ते ओल्या बोटाजवळ धरा. मुलांना फुंकायला सांगा, हवा भोकातून बोटावर येईल. मग तीच नळी पाण्याच्या पेल्यात बुडवून, भोक पाण्याच्या वर ठेवून ओढायला सांगा. पाण्याबरोबर बुडबुडे तोंडात येतील. भोक तेच, दिशा उलटी. मग मुलांना सांगा, की एका मुलाने हे न पाहता पैसे घालवले आणि दुखणे मात्र पलंगाखालच्या खोक्याने बरे झाले. बदलण्याआधी विचारा, खोलण्याआधी मोजा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.