‘रझाकार’ म्हणजे कोण?

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे आजही एका शब्दावरच बोलणार आहे. मागच्या वर्षी १७ सप्टेंबरला माझा नातू शाळेतून झेंडावंदन करून आला. तो आठवीत आहे. दप्तरही न काढता त्याने विचारलं, “नाना, अपन रझाकार थे क्या?” वर्गातल्या एका मित्राने त्याला तसं म्हटलं होतं. भांडण नव्हतं, चेष्टाच होती. पण पोराचा चेहरा उतरला होता.

मी त्याला म्हटलं, आधी त्या शब्दाचा अर्थ बघू.

‘रझा’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ संमती, मर्जी. ‘कार’ हा फारसी, म्हणजे करणारा, आपल्याकडच्या काश्तकारातला. स्वतःच्या मर्जीने काम करतो तो रझाकार. सरळ मराठीत स्वयंसेवक. आणि हा ‘रझा’ आपल्या घरात रोज वावरतो. तुम्ही ऑफिसात ‘रजा’ टाकता, एखाद्या गोष्टीला ‘राजी’ होता, ‘नाराज’ होता, वैतागून ‘राजीनामा’ देता. हे सगळे शब्द एकाच मुळाचे. पाकिस्तानातल्या उर्दू वर्तमानपत्रांत आजही पुरात मदतीला धावणाऱ्या पोरांना रझाकारच म्हणतात.

मग आपल्या मराठवाड्यात या शब्दाची शिवी का झाली? शब्दाने काही केलं नाही. माणसांनी केलं, आणि ते झाकून ठेवायचं कारण नाही. लातूरला वकिली करणारे कासिम रझवी इत्तेहादुल मुस्लिमीनचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या हाताखाली रझाकारांची संघटना वाढली. निजामाची फौज वेगळी होती, पोलीस वेगळे होते. हे तिसरे. यांच्या हातात शस्त्रं होती, पाठीशी सत्ता होती, पण त्यांना जाब विचारणारा कायदा नव्हता. गावं लुटली गेली, जाळली गेली, माणसं मारली गेली. आमचं गाव भूम-परांड्याकडचं. शेजारचं पाटलांचं घर त्या दिवसांत रातोरात संस्थानाची हद्द ओलांडून बार्शीकडे गेलं. पाटलांच्या म्हाताऱ्या आई ‘रझाकारी’ हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणायच्या, तो मी लहानपणी ऐकलेला आहे.

आणि हेही सांगायला हवं. हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हावं असं लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. रझाकारांना विरोध करण्याची किंमत मुसलमानानेही मोजली आहे. हे नाव माझ्या नातवाला माहीत नव्हतं, आणि त्याच्या त्या मित्रालाही नव्हतं.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज संस्थानात शिरली, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाडा मोकळा झाला. पण माझी आजी त्याच सप्टेंबरला ‘पुलिस ॲक्शन’ म्हणायची. आजोबांचे धाकटे भाऊ पिंजारी होते, गावोगाव फिरून गाद्या-उशा भरायचे. ते त्या दिवसांत धनुकली घेऊन घराबाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. त्यांना कुणी तरी रझाकार म्हटलं असेल. तेवढं पुरेसं होतं. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नंतर मृतांचा आकडा, अगदी कमीत कमी धरून, २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक नुकसान झाल्याचं नोंदवलं. तो अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. खुद्द कासिम रझवी तुरुंगात गेले, १९५७ साली सुटले आणि पाकिस्तानात निघून गेले. शब्द मात्र इथेच राहिला. आमच्या वाट्याला.

हाच शब्द पुढे १९७१ साली पूर्व पाकिस्तानात गेला. तिथल्या सरकारने वटहुकूम काढून पाकिस्तानी सैन्याच्या मदतीला रझाकार दल उभं केलं. म्हणून बांगलादेशातही ‘रजाकार’ म्हणजे गद्दार. जुलै २०२४ मध्ये नोकऱ्यांतील आरक्षणावरून विद्यार्थी रस्त्यावर होते. पंतप्रधान शेख हसीना यांनी आरक्षण मग रजाकारांच्या नातवंडांना द्यायचं का, असा सवाल केला. त्या रात्री ढाका विद्यापीठात विद्यार्थ्यांनी तोच शब्द उचलला आणि ‘होय, आम्ही रजाकार’ अशा अर्थाच्या उपरोधिक घोषणा दिल्या. तीन आठवड्यांत हसीनांना देश सोडावा लागला. पुन्हा बघा, शब्द नातवंडांवरच येऊन पडला.

नियमित सैन्याबाहेरच्या सशस्त्र माणसांची नावं अशी फसवीच असतात. ‘फिदायी’ म्हणजे जीव ओवाळून टाकणारा. आपण गाण्यावर ‘फिदा’ होतो तोच शब्द. काश्मीरमध्ये नव्वदच्या दशकात सरकारच्या बाजूने लढणाऱ्या टोळ्यांना ‘इख्वान’ म्हणत, म्हणजे भाऊ. आपल्या गडचिरोलीला लागून छत्तीसगडमध्ये २००५ साली ‘सलवा जुडूम’ सुरू झालं. गोंडीतल्या त्या नावाचा अर्थ ‘शांती यात्रा’ असा सांगितला गेला. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस म्हणून नक्षलवाद्यांविरुद्ध उभं करणं घटनाबाह्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ठरवलं. स्वयंसेवक, भाऊ, शांती. नाव ठेवणारे वाईट नाव कशाला ठेवतील?

उलटही होतं. ‘निमलष्करी’ म्हटलं की आपल्याला केंद्रीय राखीव पोलीस आठवतात. ते कायद्याने स्थापन झालेलं दल. कोलंबियात किंवा उत्तर आयर्लंडमध्ये हाच शब्द कायद्याबाहेरच्या सशस्त्र गटांसाठी वापरतात.

मग नावावरून कळत नसेल तर ओळखायचं कशावरून? १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात स्वयंसेवक दलांसाठी चार अटी आहेत. त्यांच्यावर जबाबदार प्रमुख हवा. दुरून ओळखू येईल अशी खूण हवी. शस्त्र उघड बाळगायला हवं. युद्धाचे नियम पाळायला हवेत. या अटी युद्धासाठी आहेत, पण मला त्या नागरिक म्हणूनही उपयोगी वाटतात. आपल्या गावात कुणी काठ्या-तलवारी घेऊन ‘रक्षणासाठी’ फिरू लागलं, तर ते आपल्या धर्माचे की दुसऱ्याच्या, हे नंतर विचारा. आधी विचारा : यांचा प्रमुख कोण? हत्यार कुणी दिलं? उद्या चुकलं तर कोर्टात उभं कोण राहणार? उत्तर मिळालं नाही, तर नाव काहीही असो, काळजी करा.

नातवाला मी एवढंच सांगितलं : “नाही बेटा. तुझ्या खापरपणजोबांचे भाऊ पिंजारी होते. रझाकार ज्यांनी केलं, त्यांची नावं इतिहासात आहेत. आपलं नाव त्यात नाही, आणि तुझ्या मित्रावर रागावू नकोस. त्याच्याही घरात कुणी तरी बार्शीला पळालं असेल. त्याला विचार.”

त्याने विचारलं. त्या मुलाच्या पणजी खरंच पळाल्या होत्या. दोघं आता त्यावर शाळेसाठी प्रकल्प करताहेत. रझाकारी आणि पुलिस ॲक्शन, दोन्ही एकाच वहीत. आपणही तेवढं करू या.