मार्केटिंगची इंटर्नशिप घेताय? आधी एक प्रश्न विचारा



परीक्षा संपत आल्या की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. घरात ‘आता पुढे काय?’ आणि कॉलेजच्या ग्रुपवर ‘अर्जंट! मार्केटिंग इंटर्न पाहिजेत. वर्क फ्रॉम होम. सर्टिफिकेट मिळेल.’ घरच्या प्रश्नाचं तुमचं तुम्ही बघा. आपण आज या मेसेजबद्दल बोलू.

इंटर्नशिप ही आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तिला क्रेडिट मिळतात. आपल्याकडे कॉलेजात तिला ओजेटी म्हणतात, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. यूजीसीच्या हिशेबात इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिट हवे असतील तर १२० तास झाले. म्हणजे अख्ख्या वर्गाला एकाच वेळी कुठेतरी चिकटायचंय. आणि मार्केटिंगला ना लॅब लागते, ना मशीन. बीए असो, बीकॉम असो, इंजिनिअरिंग असो, हातात फोन आहे ना, मग ये! त्यामुळे या नावाखाली काहीही खपतं.

काय काय खपतं? एक म्हणजे नुसती विक्री. पहिल्याच दिवशी सांगतात, तुझ्या ओळखीच्या ५० जणांचे नंबर दे. मग मामा, मावशी, शाळेतले मित्र, सगळ्यांना कोर्स नाहीतर पॉलिसी विकायची. ओळखी संपल्या की इंटर्नशिप संपली. दुसरा प्रकार, रोज तीन पोस्ट बनवायच्या आणि ग्रुपवर टाकायच्या. त्या कुणी बघितल्या, पुढे काय झालं, कुणी सांगत नाही. आणि तिसरा प्रकार, आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ भरा, मग ऑफर लेटर. यात बोलण्यासारखं काही नाही. काम देणारा आपल्याला पैसे देतो, आपण त्याला देत नाही. तिथून सरळ बाहेर पडायचं.

मग चांगली इंटर्नशिप ओळखायची कशी? कंपनीच्या नावावरून नाही, एसी ऑफिसवरून तर नाहीच. एकच प्रश्न विचारा: ‘मी जे काम करेन, त्याचे आकडे मला बघायला मिळतील का?’

आता आकड्यांचं एवढं काय? एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकमधली एक ताई घरगुती मसाले विकते. तिने इन्स्टाग्रामवर १,००० रुपयांची जाहिरात केली. ती १०,००० वेळा दिसली. २०० जणांनी क्लिक केलं, म्हणजे २ टक्के. एका क्लिकला ५ रुपये पडले. त्यातल्या २० जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी केली आणि ५ जणांनी मसाला मागवला. म्हणजे एक ऑर्डर मिळवायला २०० रुपये गेले. आणि एका ऑर्डरवर ताईला सुटतात ८० रुपये.

झालं ना नुकसान? थांबा. मार्केटिंग इथून सुरू होतं. चौकशी करणाऱ्या २० पैकी १५ जण कुठे गेले? डिलिव्हरीचा खर्च शेवटी कळला म्हणून गेले? की उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं म्हणून? आणि ज्या ५ जणांनी मसाला घेतला, ते परत घेणार का? एका गिऱ्हाईकाने वर्षात तीनदा घेतला तर ८० चे २४० होतात, मग २०० रुपये खर्चून तो मिळवणं परवडलं. तीच जाहिरात, तोच खर्च. पण परवडलं की नाही हे पुढचा आकडा हातात आल्याशिवाय सांगता येत नाही.

आता दोन इंटर्न डोळ्यांसमोर आणा. एक मुलाखतीत म्हणतो, ‘मी दोन महिन्यांत ६० पोस्ट केल्या.’ दुसरी म्हणते, ‘लोक चौकशी करून निघून जात होते. म्हणून आम्ही डिलिव्हरीचा खर्च जाहिरातीतच लिहिला आणि त्यानंतर ऑर्डरींमध्ये काय फरक पडला ते बघितलं.’ दोघांनी तेवढेच तास दिलेत. पण दुसरीला समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारतो. पहिल्याला ‘बरं, कळवतो’ म्हणतो.

म्हणून ऑफर घेण्याआधी अगदी नम्रपणे विचारा. सर, मला रिपोर्ट बघता येईल का? आठवड्यातून एकदा कुणी माझ्याशी बसून बोलेल का? पुढच्या वेळी काय बदलायचं यात माझं मत घ्याल का? ज्यांच्याकडे खरं काम आहे, त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही. उलट बरं वाटतं.

आणि हो, विक्री म्हणजे वाईट असं नाही हं. फोनवर ‘नको’ ऐकायला शिकणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त बघा, नंबरांची यादी कंपनी देते की तुमचे नातेवाईक? लोक नाही का म्हणाले, हे कुणी लिहून घेतं का? घेत असतील तर तेही मार्केटिंगच.

दोन कामांपासून मात्र चार हात लांब राहा. पहिलं, खोटे रिव्ह्यू. ‘प्ले स्टोअरवर पाच स्टार टाक, घरच्यांच्या फोनवरूनही टाक.’ ही ग्राहकांची फसवणूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई होते. आणि कायदा बाजूला ठेवा, हे रिझ्युमेवर काय म्हणून लिहिणार? दुसरं, स्वतःच्या सिमवरून अनोळखी लोकांना धडाधड प्रमोशनचे कॉल. ट्रायच्या नियमांप्रमाणे असे कॉल नोंदणी केलेल्या यंत्रणेतूनच करायचे असतात. लोक १९०९ वर तक्रार करतात आणि कारवाई त्या नंबरवर होते. कंपनीचं काही जात नाही, तुमचा नंबर जातो. तोच नंबर बँकेला जोडलेला, तोच आधारला.

आता पैशाचं बोलू. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली नोंद झाली असेल तर स्टायपेंड द्यावाच लागतो. साध्या इंटर्नशिपला अशी सरसकट सक्ती नाही, म्हणून जे ठरलं ते ईमेलवर लिहून घ्या. किती तास, किती पैसे, सर्टिफिकेट कधी. फुकट काम करायचंच असेल तर निदान शिकायला काय मिळणार ते तरी पक्कं करा. रोजचं जाणं-येणं आणि डबा यांचा खर्च घरातून येतो, हे विसरू नका.

सरकारी योजनांचंही बरेच जण विचारतात. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा महिन्याला ५,००० रुपये ठरले होते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. पण दोन्ही आखल्या होत्या शिक्षण संपलेल्यांसाठी. कॉलेज सुरू असताना त्यांच्या भरवशावर राहू नका, आणि पास झाल्यावर पोर्टलवर त्या वेळचे नियम बघून अर्ज करा.

आणि कुठेच काही मिळालं नाही तर? गल्लीतलं दुकान आहे ना! स्टेशनरीचं, झेरॉक्सचं, पोळीभाजी केंद्र. गूगलवर त्यांची माहिती आहे का बघा. वेळ चुकीची असते, फोन नंबर जुना असतो, फोटो नसतो. बिझनेस प्रोफाइल फुकट बनतं, आणि त्यातून किती जणांनी कॉल केला, किती जणांनी रस्ता विचारला, हे दिसतं. मालकाला विचारून दोन महिने ते सांभाळा, आकडे वहीत लिहा. क्रेडिट हवे असतील तर कॉलेजच्या सरांना किंवा मॅडमना आधीच विचारा, हे ओजेटीत धरलं जाईल का. मोठे ब्रँड काय करतात ते बघायचंय? मेटाची अ‍ॅड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. गूगल स्किलशॉपवर जाहिरातींचे कोर्सही फुकट आहेत.

फक्त एक लक्षात ठेवा. दुकानाचे किंवा कंपनीचे आकडे ही त्यांची गोष्ट आहे. रिझ्युमेवर लिहिण्याआधी परवानगी घ्या.

तर मंडळी, ग्रुपवर पुढचा ‘अर्जंट’ मेसेज आला की लगेच फॉर्म भरू नका. आधी फोन करा आणि तो एक प्रश्न विचारा. उत्तर द्यायला ते अडखळले, तर तुमचे १२० तास वाचले असं समजा.