कामाच्या खोलीतली कुंडी

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आज बोलायचं आहे ते आपण मिळून जिथे काम करतो त्या खोलीबद्दल आणि त्या खोलीत ठेवायच्या झाडांबद्दल. कुणाचं शिवणकेंद्र असेल, कुणाचं ग्रामसंघाचं कार्यालय, कुणाचं पापड-शेवयांचं नाहीतर मसाल्याचं युनिट. घरच्या अंगणात आपण तुळस लावतो, मोगरा लावतो, परसात अळू असतो. पण कामाची खोली पाहिली तर भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात पोती आणि वर एक ट्यूब. खोली सगळ्यांची असते, म्हणून तिच्याकडे कुणीच बघत नाही. आणि दिवसातले सहा-सहा, आठ-आठ तास आपण तिथेच बसतो.

अशा खोलीत चार कुंड्या ठेवल्या तर काय होईल? आणि काय होणार नाही? दोन्ही सांगते. कारण झाडांबद्दल हल्ली मोबाइलवर इतकं काही फिरतं, की खरं कुठलं आणि वाढवून सांगितलेलं कुठलं, हे कळेनासं होतं.

आधी खरा फायदा. हिरवं दिसलं की मन निवतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ते रुग्ण होते. तेवीस जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि तेवीस जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. वॉर्ड सारखे, ऑपरेशन सारखं. झाडं दिसणाऱ्यांना जोरदार वेदनाशामक औषधं कमी लागली आणि ते सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. हा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या बघण्याने एवढा फरक पडत असेल, तर दिवसभर मशीनवर मान घालून बसणाऱ्या बाईने अधूनमधून हिरव्या पानांकडे बघणं हे काही रिकामपणाचं लक्षण नव्हे.

शिवणकाम, भरतकाम, धान्य निवडणं, हिशेब लिहिणं, या सगळ्यांत नजर हातभर अंतरावर खिळलेली असते. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी वीस फूट लांब बघावं. आपली खोली वीस फूट नसतेच. म्हणून एक कुंडी खिडकीच्या आत आणि एखादं झाड नाहीतर वेल खिडकीच्या बाहेर, समोरच्या कुंपणावर. मान वर केली की नजर आपोआप लांब जाते.

आता दुसरी बाजू. ‘अमुक झाड लावा, खोलीतली हवा शुद्ध होईल’ असं तुम्ही ऐकलं असेल. ही गोष्ट सुरू झाली ती अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या १९८९ मधल्या एका अहवालातून. तो प्रयोग खरा आहे. पण झाडं ठेवली होती ती सगळीकडून बंद केलेल्या लहान पेट्यांमध्ये. त्या पेटीत सोडलेले काही विषारी वायू कमी झालेले आढळले. आपली खोली म्हणजे बंद पेटी नव्हे. तिला दार आहे, खिडकी आहे, फटी आहेत, आत माणसं ये-जा करतात.

पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला. इमारतीत हवा आपोआप खेळते, तिच्याने जेवढं काम होतं, तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला कमीत कमी दहा झाडं लागतील, आणि हा आकडा हजारापर्यंतही जाऊ शकतो. आपली दहा बाय पंधराची खोली धरा. ती साधारण चौदा चौरस मीटर भरते. म्हणजे कमीत कमी एकशे चाळीस कुंड्या! मग शिलाई मशीन कुठे ठेवायची आणि आपण कुठे बसायचं?

हे मी हसण्यावारी सांगत असले तरी यात एक गंभीर गोष्ट आहे. मिरची कांडताना ठसका लागतो, भट्टीचा धूर कोंडतो, कापडाचा बारीक तंतू नाकात जातो. खोकला धरतो, छाती भरते. त्यावर कुणी म्हणालं, ‘चार झाडं आणून ठेवा, हवा साफ होईल’, तर ऐकू नका. गटाकडे हजार-दोन हजार रुपये असतील, तर ते आधी खिडकी उघडती करण्यावर, समोरासमोर झरोका काढण्यावर, एक्झॉस्ट पंख्यावर आणि तोंडाला बांधायच्या मास्कवर खर्च करा. धूर आणि धूळ बाहेर काढायचं काम वाऱ्याचं आहे. ते झाडाच्या गळ्यात मारू नका.

पण झाड एक काम नक्की करतं. ते धूळ दाखवतं. रुंद पानाची कुंडी मशीनजवळच्या खिडकीत ठेवा. सोमवारी सकाळी ओल्या फडक्याने पानं स्वच्छ पुसा. बुधवारी पानावरून बोट फिरवा. बोटाला तंतूंचा, भुकटीचा थर लागला, तर समजा की तीच हवा दोन दिवस तुम्हीही घेतली आहे. पानं पुसता येतात, फुप्फुसं पुसता येत नाहीत. खिडकी वाढवायची की नाही, यावर बैठकीत वाद झाला तर ते पान दाखवा. भाषण करावं लागणार नाही.

आता कुठली झाडं लावायची ते बघू. त्याआधी एक सोपी परीक्षा. दुपारी बाराच्या सुमाराला, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर आहे. सावली पुसट पडली तर सावलीतली झाडं जगतील. सावली पडलीच नाही तर तिथे झाड ठेवू नका, ते हळूहळू मरेल. आणि तुम्ही तिथे बसून सुईत दोरा ओवत असाल, तर आधी दिव्याची सोय करा.

पुसट सावलीच्या जागी मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि स्पायडर प्लांट ही तीन झाडं चांगली. स्नेक प्लांट म्हणजे उभ्या, जाड, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं. ते दोन-तीन आठवडे पाणी न मिळालं तरी तग धरतं, म्हणून सुगीच्या दिवसांत केंद्र बंद राहिलं तरी चालतं. खिडकीत उजेड चांगला असेल तर ओव्याच्या पानांचं झाड लावा. कोरफडही तिथेच ठेवा. तुळस मात्र खोलीत कोंडू नका. तिला ऊन हवं. तिची जागा दाराबाहेर.

ही झाडं विकत आणायची गरज नाही. मनी प्लांटचं एक कांडं, ओव्याची एक फांदी, स्नेक प्लांटचा एक फुटवा कुणाच्या तरी घरी असतोच. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. कोरफड आणि स्नेक प्लांटला वाळू जास्त घाला. कुंडीला तळाशी भोक हवंच, आणि भोकावर खापरीचा तुकडा. ताजं शेण घालू नका, मुळं जळतात आणि वासही येतो.

घरातली झाडं पाण्यावाचून कमी मरतात, जास्त पाण्याने जास्त मरतात. त्यात सामाईक खोलीत तर गंमतच असते. सकाळी आलेली पाणी घालते, दुपारी आलेलीही घालते, आणि संध्याकाळी झाडलोट करणारी उरलेला तांब्या ओतते. आठ दिवसांत मूळ कुजतं. म्हणून बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं. ओल लागली तर पाणी नाही.

आता तीन ठिकाणी सांभाळायचं आहे.

पहिलं, डास. डेंगीचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बाटलीत पाण्यावर लावलेला मनी प्लांट आणि कुंडीखालची ताटली, या त्याच्या आवडीच्या जागा. आरोग्य विभाग आपल्याला आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. आपल्या गटाची बैठक आठवड्याची असते. बैठकीचा दिवस तोच झाडांचा कोरडा दिवस ठेवा. बाटलीतलं पाणी बदला, ताटली रिकामी करा आणि नुसती ओतू नका, आतून घासा. अंडी कडेला चिकटून बसतात.

दुसरं, लहान मुलं. कामावर येताना पाठीवर, कडेवर मूल असतंच. पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबॅकिया नावाचं झाड नर्सरीत मिळतं. दिसायला देखणं, पण त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. अळूने घसा खवखवतो ना, तसलेच सुईसारखे स्फटिक त्यात असतात. अळू शिजवताना आपण चिंच घालतो. इथे चिंचेचा उपाय नाही. हे झाड आणूच नका. मनी प्लांटही त्याच कुळातला, म्हणून तो उंचावर टांगा. मुलाने पान चावलंच, तर तोंड पाण्याने धुवून पुसा आणि लगेच आरोग्य केंद्रात न्या.

तिसरं, खाण्याचे पदार्थ. पापड, लोणची, मसाले, चिवडा जिथे बनतो आणि भरला जातो, तिथे मातीची कुंडी नको. माती आली की ओल आली, मुंग्या आल्या, बुरशी आली. अशा युनिटमध्ये झाडं दाराबाहेर, ओट्यावर आणि खिडकीपलीकडे ठेवा.

दाराबाहेरचाच आणखी एक उपयोग सांगते. आपल्या पुष्कळ शेडना पत्र्याच्या भिंती आहेत. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते. आतल्या कुंड्यांनी तो उकाडा जाणार नाही. पण भिंतीपासून हातभर अंतर सोडून काठ्या-दोरीचा मांडव करा आणि त्यावर दोडका, कारलं, वाल नाहीतर गोकर्ण चढवा. ऊन पानांवर अडतं, पत्र्यापर्यंत कमी पोचतं. उन्हाळ्यात सावली हवी तर वेल फेब्रुवारीतच लावायला हवा आणि रोज पाण्याची सोय हवी. दोडका निघाला तर भाजीही झाली.

एक शंका नेहमी येते. रात्री झाडं वाईट हवा सोडतात, मग बंद खोलीत ती ठेवावीत का? झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरं. पण फार थोडा. एक माणूस श्वासातून दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. कुंडीतलं झाड त्याच्या जवळपासही येत नाही. चार कुंड्यांची भीती नको. दार-खिडकी बंद करून पंधरा बायका बसतात, त्याची काळजी करा.

शेवटचा मुद्दा माणसांचा. सामाईक झाड कुणी जगवायचं? बहुतेक ठिकाणी काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. कौतुक सगळ्यांचं आणि पाणी घालायचं काम गटातल्या सगळ्यांत गरीब, सगळ्यांत नवीन, नाहीतर आधीच झाडलोट करणाऱ्या बाईकडे जातं. झाड सुकलं तर बोलणीही तीच खाते. हे होऊ देऊ नका. बचतीची, कर्जाची, हजेरीची नोंद आपण ठेवतो. त्याच वहीत मागच्या पानावर झाडांची पाळी लिहा. दर आठवड्याला दोघी. अध्यक्षताईंचं नाव पहिल्या आठवड्यात असू द्या, सचिवताईंचं दुसऱ्या आठवड्यात. पदावरची बाई कुंडीची ताटली घासताना दिसली की बाकीच्यांना सांगावं लागत नाही. जी कधी बैठकीत बोलत नाही, ती झाडाच्या निमित्ताने बोलायला लागली, असंही होईल. ‘माझ्या आठवड्यात नवं पान आलं’ हे सांगायला कुणालाच भीड वाटत नाही.

तर पुढच्या बैठकीत एवढंच करा. आधी खिडक्या मोजा आणि त्यांतल्या किती खरोखर उघडतात ते बघा. ज्या खिडकीपुढे पोती रचली आहेत ती पोती हलवा. मग कागद धरून सावली बघा. आणि त्यानंतरच घरून एक-एक कांडं घेऊन या. सुरुवातीला दोन कुंड्या पुरेत. त्या तीन महिने जगल्या, पाळी चुकली नाही, तर तिसरी ठेवा.

ती खोली तुमच्या कष्टाची आहे. तिथे वारा आला पाहिजे, उजेड आला पाहिजे आणि मान वर केल्यावर डोळ्यांना काहीतरी जिवंत दिसलं पाहिजे. एवढा तुमचा हक्क आहे.