लहान मुलें आणि उवा

कांहीं विषय असे असतात कीं, ते प्रत्येक घराला ठाऊक असतात आणि तरीही चारचौघांत त्यांचा उच्चार करावयास कोणी धजत नाहीं. मुलांच्या डोक्यांतील उवा हा त्यांपैकींच एक. मुलाला ताप आला तर शेजारीण चौकशीला येते. खोकला झाला तर दहा घरांतून दहा औषधें सुचविलीं जातात. पण लेकीच्या डोक्यांत ऊ दिसली कीं आई दार लोटून घेते. हा संकोच उवांना फार मानवतो. जें लपविलें जातें त्यावर उपाय होत नाहीं, आणि एका घरानें लपविलेली ऊ थोड्याच दिवसांत साऱ्या आळीची होते.

पुणें-मुंबई रस्त्यावर कान्हे फाट्यापासून आंत वळलें म्हणजे आंद्रा नदीच्या खोऱ्यांतील टाकवे बुद्रुक हें गांव लागतें. आंदर मावळाचा हा प्रदेश भाताचा आणि मुसळधार पावसाचा. आतां तेथें कारखानेही उभे राहिले असून कामासाठीं बाहेरून आलेलीं कुटुंबेंही तेथें वस्ती करून आहेत. अशा गांवच्या अंगणवाडींत तीन ते सहा वर्षांचीं मुलें एकत्र येतात, तेव्हां तीं अंतर राखून बसत नाहींत. एका चित्रावर पांच डोकीं वांकतात. गोष्ट ऐकतां ऐकतां एक मुलगी दुसरीच्या खांद्यावर मान टाकते. आषाढांत बाहेर पाऊस कोसळत असला म्हणजे तर सारीं एकमेकांना बिलगूनच असतात. इकडे आई दिवसभर भातलावणीच्या चिखलांत ओणवी. तिन्हीसांजेला घरीं येऊन चूल पेटविल्यावर लेकीचे ओले केस उकलून पहाण्यास तिला सवड कोठून मिळावी? उवांना याहून अधिक कांहीं नको असतें.

मग एके दिवशीं एखादें मूल डोकें खाजवूं लागतें. शेजारचें मूल बोट दाखवितें, दोघेंतिघें हंसतात, आणि कोणी मोठें माणूस म्हणतें, ‘हिला जरा वेगळी बसवा.’ अंगणवाडी सेविकेच्या परीक्षेची घटका तीच. चार वर्षांच्या मुलीला ऊ म्हणजे काय हें नीट कळत नसतें; परंतु वेगळें बसविणें म्हणजे काय हें तिला पुरतें कळतें. उवा पंधरा-वीस दिवसांत जातात. ती आठवण तितक्या लौकर जात नाहीं.

वस्तुतः ऊ ही मनुष्यजातीची फार जुनी सोबतीण. मराठींतील ‘ऊ’ आणि ‘लीख’ हे शब्द संस्कृतांतील ‘यूका’ आणि ‘लिक्षा’ यांपासून आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर या दोघी मोजमापाच्या कोष्टकांत जाऊन बसल्या आहेत: आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचें एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचें एक अंगुल. जिनें अंगुळें मोजावयाचीं ती वस्तु सर्वांच्या परिचयाची असली पाहिजे, हें उघड आहे. तिकडे इस्राएल देशांतील लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननांत २०१६ सालीं एक इवलीशी हस्तिदंती फणी सांपडली. तिच्यावर कोरलेलीं अक्षरें २०२२ सालीं वाचण्यांत आलीं. सुमारें ३,७०० वर्षांपूर्वींच्या त्या लेखांत इच्छा एवढीच व्यक्त केली आहे कीं, केसांतील आणि दाढींतील उवा या दातानें समूळ निघाव्यात. हस्तिदंताची फणी वापरणारा तो गृहस्थ दरिद्री खास नव्हता. तेव्हां उवा म्हणजे दारिद्र्याची किंवा गलिच्छपणाची खूण, ही समजूत सोडून दिलेलीच बरी. स्वच्छ धुतलेल्या केसांतही ऊ सुखानें नांदते.

तिचा स्वभाव ओळखला कीं तिचें भय अर्धें ओसरतें. ऊ उडत नाहीं, उड्याही मारीत नाहीं. ती केवळ चालते. एका डोक्याला दुसरें डोकें लागलें कीं केसावरून केसावर जाऊन ती पलीकडचें घर गांठते. तिळाएवढा तिचा देह. रक्त हेंच तिचें अन्न. डोक्यावरून खालीं पडली तर एक-दोन दिवसांत ती मरते. मादी रोज सहा ते आठ अंडीं घालते आणि तीं डोक्याच्या कातडीलगत, केसाच्या बुडाशीं घट्ट चिकटवून टाकते. त्याच लिखा. सात ते दहा दिवसांत लीख फुटते, आणि बाहेर पडलेलें पिलूं आणखी नऊ ते बारा दिवसांत वयांत येऊन स्वतः अंडीं घालूं लागतें. सारा उपाय या हिशेबांत सांठविलेला आहे.

दुसरें भय रोगाचें. उवांमुळें टायफस नांवाचा भयंकर ज्वर पसरतो, हें शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञानें ट्यूनिस येथें १९०९ सालीं सिद्ध केलें, आणि त्या कार्याबद्दल त्याला १९२८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ती ऊ निराळी. ती कपड्यांच्या शिवणींत रहाते. डोक्यांतील ऊ असा रोग पसरवीत नाहीं. तिचा उपद्रव म्हणजे खाज. खाजेनें झोंप मोडते. घाणेरड्या नखांनीं कातडी सोलली जाते, तींत पू होतो आणि मानेच्या गांठी सुजतात. असें झालें तर मात्र मुलाला डॉक्टरांकडे नेण्यास विलंब लावूं नये.

भीतीपोटीं केलेले उपाय पुष्कळदां उवांहूनही घातक ठरतात. कोणी डोक्याला रॉकेल चोळतात. त्यानें कातडी भाजते, आणि तें मूल चुलीजवळ गेलें तर काय अनर्थ होईल हें सांगावयास नको. पिकावर फवारण्याचें औषध केसांना लावणें हा तर जिवाशीं खेळ होय. तें विष कातडींतून अंगांत भिनतें आणि लहान मूल त्यानें दगावूं शकतें. सीताफळाच्या बियांची पूड हा आजीबाईचा उपाय. पुणें जिल्ह्यांत सीताफळांना तोटा नाहीं, म्हणून तो हाताशीं असतो. त्या पुडीनें उवा मरतात हें खरें. पण तिचा कण डोळ्यांत गेला तर बुबुळाला जखम होऊन असह्य वेदना होतात आणि दृष्टि अंधुक होते. डोकें न्हाऊं घालतांना मुलाच्या डोळ्यांत पाणी जाणारच. मग पूड जाणार नाहीं याची हमी कोणी द्यावी? राहिलें मुंडण. त्यानें उवा जातात, यांत संशय नाहीं. परंतु रडणाऱ्या मुलीची वेणी कापतांना तिच्या मनावर काय ओरखडा उठतो, याचाही विचार केला पाहिजे.

निर्धोक उपाय म्हणजे बारीक दातांची फणी. केस धुवून ओले असतांनाच त्यांना भरपूर तेल चोपडावें, म्हणजे फणी सहज चालते आणि उवांना पळतां येत नाहीं. प्रथम साध्या कंगव्यानें गुंता सोडवावा. मग चांगल्या उजेडांत बसून, केसांची एकेक बट घेऊन, फणी बुडाशीं टेकवून टोंकापर्यंत ओढावी आणि दर वेळीं पांढऱ्या फडक्यावर पुसावी. कानामागें आणि मानेवर विशेष लक्ष द्यावें. एका बैठकींत काम संपलें असें समजूं नये, कारण फणींतून निसटलेल्या लिखा मागाहून फुटतातच. म्हणून पहिल्या, पांचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशीं फणी फिरवावी. नवीं पिलें वयांत येण्यापूर्वींच निघून जातात. नेमानें हें केलें तर तेराव्या दिवशीं उवांचाच तेरावा उरकतो. सतराव्या दिवशीं पुन्हां एकदां डोकें पहावें. ऊ दिसली नाहीं म्हणजे काम फत्ते. एखादी दिसलीच तर निराश न होतां पुन्हां पहिल्या दिवसापासून आरंभ करावा.

औषधच वापरावयाचें तर एक टक्का परमेथ्रिनचा द्रव मिळतो. तो दहा मिनिटें ठेवून धुवावयाचा असतो आणि सात ते दहा दिवसांनीं पुन्हां लावावा लागतो. तो डॉक्टरांच्या किंवा आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेंच घ्यावा. तान्ह्या मुलाला तर विचारल्यावांचून लावूंच नये. फण्या दहा मिनिटें कढत पाण्यांत बुडवाव्या. उशांचे अभ्रे आणि पांघरुणें गरम पाण्यानें धुवून उन्हांत वाळवावीं. घरभर औषध फवारण्याचें कांहींच कारण नाहीं.

आतां मुख्य प्रश्न उरतो तो हा कीं, एकटी आई हें सारें करील तरी त्याचा उपयोग किती? शेजारच्या चार डोक्यांत उवा राहिल्या तर पंधरा दिवसांचे कष्ट एका दुपारच्या खेळांत वांया जातात. येथें अंगणवाडीचें महत्त्व दिसून येतें. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें गरीब वस्त्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें, तेव्हां मुलें शाळेकडे येत नाहींत तर शाळेनेंच त्यांच्या अंगणांत जावें, असा विचार त्यांनीं केला. न्हाणें, नखें कापणें, केस विंचरणें या गोष्टी त्या शिक्षणाच्या बाहेरच्या नव्हत्या. त्यांपासूनच त्याचा आरंभ होता. जें मूल घाणेरडें म्हणून इतरत्र दूर लोटलें जाई, त्याला जवळ घेऊन स्वच्छ करणें हाच तेथला पहिला पाठ. अनुताई तर पुणें जिल्ह्यांतील मोरगांवच्या. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर बहरलें, आणि अंगणवाडी हा शब्द १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेबरोबर देशभर पोंचला.

त्याच वाटेनें जाणारी सेविका उवा दिसल्या म्हणून मुलाला घरीं पाठवीत नाहीं, कीं भर वर्गांत डोकें तपाशीत नाहीं. संध्याकाळीं आई न्यावयास आली म्हणजे ती तिला बाजूला घेऊन हळूच सांगते. कोणाचें नांव न घेतां ती सर्व आयांना एकदम बोलाविते आणि एकच पहिला दिवस ठरविते, म्हणजे साऱ्या वस्तींत फणी एकाच दिवशीं फिरते. शक्य तर लावणीची घाई सुरू होण्यापूर्वीं ती हा दिवस धरते. लहानांना मांडीवर घेणारीच्या डोक्यांतही उवा शिरतात. म्हणून आयांच्या सभेंत ती प्रथम स्वतःच्याच केसांतून फणी फिरवून दाखविते. ताईंच्या डोक्यांतही उवा होऊं शकतात हें कळलें कीं, मान खालीं घालून बसलेल्या बाया मोकळेपणानें बोलूं लागतात.

फणी महाग नाहीं. महाग आहे ती सवड, आणि त्याहून महाग तो धीर. उंबऱ्यावर बसून लेकीचे केस उकलणारी आई त्या अर्ध्या तासांत उवा तर काढतेच, पण दिवसभरांत प्रथमच लेकीचें बोलणेंही ऐकते. त्या मुलीला दुसऱ्या दिवशीं अंगणवाडींत आपल्या नेहमींच्या जागीं, मैत्रिणीच्या शेजारीं बसतां आलें पाहिजे. तें घडलें म्हणजे उवांचा खरा बंदोबस्त झाला.