तो कागद कोठें आहे ?

कुमार वाचकांसाठीं ऐतिहासिक रहस्यकथा कशी लिहावी, या विषयावर मीं बोलावें अशी सूचना आली, तेव्हां प्रथम मला संकोचच वाटला. मी ग्रंथकार नव्हे. मॅट्रिकच्या पलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं, आणि उभी हयात मीं कृष्णाकांठच्या एका शाळेंत मुलांना शुद्धलेखन, हिशेब व इतिहास शिकविण्यांत घालविली. परंतु या प्रकारच्या लेखनांत ज्या चुका होऊं शकतात, त्यांपैकीं बहुतेक मीं जातीनें करून पाहिल्या आहेत. तेवढ्याच अधिकारावर चार शब्द बोलतों.

पावसाळ्यांत नदीला पूर आला म्हणजे पलतीरावरचीं मुलें शाळेंत येत नसत. वर्ग अर्धा रिकामा राही आणि पुढचा धडा घेणें अन्यायाचें होई. अशा दिवशीं मी गोष्ट सांगत असें. एका वर्षीं सातवीच्या वर्गासाठीं मीं एक कथा रचली. काळ १७७३ चा, स्थळ शनिवारवाडा, नायक दप्तरांतील एका कारकुनाचा बारा वर्षांचा मुलगा. ओल्या अक्षरांवर वाळू टाकून ती झटकणें हें त्याचें काम. रघुनाथरावांनीं गारद्यांस दिलेल्या पत्रांत ‘धरावें’ हा शब्द त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला असतो. पुढें तोच कागद ‘मारावें’ असा होऊन त्याच्या दृष्टीस पडतो. शाईचा रंग आणि बोरूची जाडी यांवरून तो आनंदीबाईंपर्यंत माग काढतो आणि कागद रामशास्त्र्यांच्या हातीं नेऊन देतो. कथा चार दिवस पुरली. मुलें श्वास रोखून ऐकत होतीं, आणि खरें सांगावयाचें तर मीही थोडा फुगलों होतों.

शेवटच्या दिवशीं मागच्या बांकावरील एका मुलानें हात वर केला. “गुरुजी, तो कागद आतां कोठें आहे ?”

मीं क्षणभरही न अडखळतां सांगितलें, “पुण्यास, पेशवे दप्तरांत.”

श्रोतेहो, मला तें ठाऊक नव्हतें. पेशवे दप्तर मीं तोंवर पाहिलेंही नव्हतें. वर्गाला गोष्ट आवडली होती, घंटा होत आली होती, आणि ‘मला माहीत नाहीं’ हे तीन शब्द उच्चारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

सात-आठ वर्षांनीं तो मुलगा सुट्टींत घरीं आला. तो तेव्हां पुण्यास शिकत होता. नेहमींप्रमाणें वांकून नमस्कार केला, चहा घेतला आणि म्हणाला, “गुरुजी, मी मोडी शिकलों. तो कागद आपण स्वतः वाचावा असें फार दिवस मनांत होतें. दप्तरांत विचारलें, भारत इतिहास संशोधक मंडळांतही विचारलें. तसा कागद कोठें नाहीं.” तो रागावला नव्हता. उलट मला वाईट वाटूं नये म्हणून लगेच मोडींतील गमतीजमती सांगूं लागला. त्यामुळें तर मला वर पाहवेना.

त्यानंतर मीं या प्रकरणाचें वाचन केलें. आधीं करावयास हवें होतें तें. निश्चित आहे तें एवढें : ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणपतीच्या दिवसांत, थकलेला पगार मागण्याच्या निमित्तानें गारदी भर दुपारीं वाड्यांत शिरले, आणि अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे मारले गेले. सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार हीं नांवें कटांत आहेत. चुलते रघुनाथराव त्या वेळीं वाड्यांतच नजरकैदेंत होते, आणि पेशवाईचीं वस्त्रें पुढें त्यांनाच मिळालीं. रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून त्यांना दोषी धरलें. कट मूळचा धरण्याचा होता कीं मारण्याचा, आणि धरण्याचा असल्यास तो कोणीं व केव्हां बदलला, येथें वादाला आरंभ होतो. अक्षर फिरविणाऱ्या हाताविषयीं जें आपण ऐकतों तें परंपरेनें आलेलें आहे. अस्सल पत्र समोर ठेवून दाखवितां येत नाहीं. परंतु ‘ध’ चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार मराठी मूल मुळाक्षरें गिरविण्याच्या वयांतच ऐकतें. खटल्याचा निकाल आपल्या भाषेनेंच देऊन ठेवला आहे, आणि त्यावर अपील नाहीं !

येथें या लेखनप्रकारांतील खरी अडचण दिसूं लागते. इतिहासाच्या पुस्तकाला ‘कदाचित्’ म्हणून थांबतां येतें. रहस्यकथेला तें चालत नाहीं. शेवटच्या प्रकरणांत तिला बोट दाखवावेंच लागतें. कल्पित गुन्हेगाराकडे बोट दाखविलें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु होऊन गेलेल्या माणसाकडे, पुराव्यावांचून, आणि तेंही बारा वर्षांच्या वाचकासमोर बोट दाखवावयाचें म्हणजे ती शिक्षाच झाली. पाठ्यपुस्तक मूल परीक्षेनंतर विसरतें. रहस्यकथेंतला गुन्हेगार तें विसरत नाहीं.

प्रौढांसाठीं लिहिणारे मोठे लेखकही या मोहांतून सुटलेले नाहींत. जोसेफिन टे या स्कॉटिश लेखिकेची १९५१ सालची एक कादंबरी या बाबतींत प्रसिद्ध आहे. पाय मोडून रुग्णालयांत पडलेला एक पोलीस अधिकारी निजल्या निजल्या जुन्या कागदपत्रांवरून इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा तपास करतो. योगायोग असा कीं, तेथेंही आरोप चुलत्यानें पुतण्यांना नाहींसें केल्याचाच आहे. कागद कसा वाचावा, कोणीं लिहिला, केव्हां लिहिला, त्याचा हितसंबंध काय, हें त्या पुस्तकाइतकें सुरस रीतीनें क्वचितच कोणीं शिकविलें असेल. परंतु एका राजाला निर्दोष ठरवितां ठरवितां बाईंनीं त्याच्यामागून आलेल्या सातव्या हेन्रीच्या गळ्यांत तोच फांस अडकविला. वाचतांना मला तो माझ्या वर्गांतील मुलगा आठवला. कागद कोठें आहे, असें त्यानें त्यांनाही विचारलें असतें.

याहून निर्धास्त वाट हेन्री विंटरफेल्ड या जर्मन लेखकाची. त्याच्या १९५३ सालच्या पुस्तकांत प्राचीन रोममधील एका शाळेंतलीं मुलें आहेत. कायस नांवाच्या मुलाला मूर्ख म्हणणारें वाक्य देवळाच्या भिंतीवर रंगविलेलें आढळतें आणि हस्ताक्षर तंतोतंत त्याच्या सोबत्याचें निघतें. पाँपेईच्या भिंतीवर सांपडलेल्या अशाच एका पोरकट खरडीवरून लेखकाला ही कल्पना सुचली. गुन्हा कल्पित, परंतु मेणाची पाटी, गुरुजी, गुलाम, स्नानगृहें हें सारें त्या काळचें. मुलांना रोम कळतें आणि कोणा रोमन मनुष्यावर आळ येत नाहीं.

आपल्याकडे अशा कथेला सामग्रीचा तोटा नाहीं, परंतु ती शोधावी लागते. माझ्या पहिल्या हस्तलिखितांत नायक वाड्याच्या तळघरांत आगकाडी ओढतो ! घर्षणानें पेटणारी काडी निघाली ती १८२६ च्या सुमारास. माझ्या नायकानें पन्नास वर्षें आधींच तिचा शोध लावला होता. त्याला चकमक व गारगोटी हवी, आणि चकमकीनें ठिणगी पाडून दिवा लावावयास वेळ लागतो. तेवढ्यांत चोर निसटतो. अडचणीमुळें प्रसंग अधिक रंगला, हें मला मागाहून उमगलें. वेळेचेंही तसेंच. ‘दहा मिनिटांत’ म्हणण्याची सोय नाहीं. पाण्यावर तरंगणारें घटिकापात्र भरून बुडलें कीं एक घटका, म्हणजे आपलीं चोवीस मिनिटें. संशयित त्या वेळीं कोठें होता हें ठरवावयाचें तर घटका मोजणारा माणूस जागा होता ना, हें आधीं पाहावें लागतें. बोटांचे ठसे तर विसरावेच. त्यांची कचेरी कलकत्त्यास निघाली ती १८९७ सालीं.

त्या ऐवजीं माग आहे. गांवांत चोरी झाली कीं जागल्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेल्याचें दाखवून दिलें कीं पुढच्या गांवानें तो चालवावयाचा, नाहींतर नुकसान भरून द्यावयाचें. एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत या व्यवस्थेचें वर्णन केलें आहे. कथालेखकाला याहून अधिक काय पाहिजे ? दोन गांवें, एक ओढा, आणि ओढ्याच्या मधोमध नाहींसें झालेलें पाऊल !

आणि कागद तर आहेतच. मोडीच्या ओळींत शब्दाशब्दांमध्यें जागा सोडीत नसत. ‘धरावें’ चें ‘मारावें’ करावयाचें तर एक अक्षर बदलून शिवाय एक काना घुसवावयाचा. तो कोठें बसविणार, हा प्रश्न माझ्या त्या विद्यार्थ्यानें मला विचारला. मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. पत्र संपलें कीं खालीं मोर्तब होई, म्हणजे पुढें कोणीं ओळ वाढवूं नये. लांब पत्र असलें कीं कागदाचे बंद एकाखालीं एक चिकटवीत आणि सांध्यावर मागील बाजूस शिक्का उठवीत, म्हणजे मधला बंद कोणीं बदलूं नये.

या शेवटल्या गोष्टीवर मीं माझी कथा पुन्हां लिहिली. शनिवारवाडा राहिला, वाळू टाकणारा मुलगा राहिला, वर्षही तेंच राहिलें. गुन्हा मात्र एका पाटीलकीच्या वतनाचा, माझ्या कल्पनेंतील एका गांवचा. निवाड्याच्या कागदांतील मधला बंद कोणीं तरी बदलला आहे. मोठीं माणसें अक्षर पाहत बसतात. मुलगा वाळू झटकण्यासाठीं कागद उलटा धरतो, तेव्हां सांध्यावरच्या शिक्क्याचे दोन अर्ध एकमेकांशीं जुळत नाहींत असें त्याला दिसतें.

पेशव्यांचा खून कथेंत आहे, कारण त्या भाद्रपदांत पुण्यांत राहणाऱ्या मुलाला तो टाळतां येणार नव्हता. परंतु मीं तो दाराआड ठेवला. मुलाला धांवण्याचे आवाज ऐकूं येतात, बाप त्याला रुमालांच्या ढिगामागें दडवितो, आणि दिवे लागेपर्यंत कोणी बोलत नाहीं. मित्रांचें म्हणणें पडलें कीं, एवढा रोमहर्षक प्रसंग मीं फुकट घालविला. असेल. अठरा वर्षांच्या मुलाचें मरण बारा वर्षांच्या मुलांना रोमहर्षक करून दाखविण्याची माझी इच्छा नव्हती.

कांहीं दिवसांनीं ‘ध’ आणि ‘मा’ ची कुजबूज त्या मुलाच्या कानांवर येते. तो एका वृद्ध कारकुनाला विचारतो. “लोक म्हणतात खरे,” कारकून सांगतो, “पण मीं कागद पाहिलेला नाहीं.” या एका वाक्यासाठीं मीं तें प्रकरण तीनदां लिहिलें.

हस्तलिखित मीं त्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाठविलें. आतां तोही शिक्षक आहे. पंधरवड्यानें तें परत आलें. समासांत पांच ठिकाणीं तांबडी शाई. मी त्याच्या वह्यांवर वापरीत असें तशीच. चार चुका मला मान्य आहेत. पांचवीबद्दल वाद आहे. माझा नायक खुनाच्या दुसऱ्या दिवशीं मुठा नदी पायउतारानें ओलांडतो. भाद्रपदांत तें शक्य नव्हतें असें त्याचें म्हणणें. त्या वर्षीं पाऊस ओढला असेल, असें मीं कळविलें. त्यावर त्याचें एका ओळीचें उत्तर आलें : “कागद कोठें आहे ?” पावसापाण्याची हकीकत त्या काळच्या पत्रांतून पुष्कळदां सांपडते. दिवाळीच्या सुट्टींत आम्ही दोघे पुण्यास जाऊन ती शोधणार आहोंत.